ओव्हनमध्ये कोबी भाजायचा कसा: मंडईतल्या गड्ड्यापासून ताटापर्यंत

शेजारची सूनबाई परवा ट्रे घेऊनच दारात आली. "काकू, हे बघा की. तासभर ओव्हन चालवला, तरी नुसतं पाणीच सुटलंय." ट्रेमध्ये कोबीच्या फिकट, लुळ्या फोडी, तळाशी तांबडं पाणी आणि वर लावलेली चटणी मात्र काळी ठिक्कर. गेल्या थंडीपासून असा ट्रे मी बऱ्याच घरांत पाहिला. ओव्हन वेगवेगळे, चुका मात्र त्याच: कोबी चिरून धुतलेला, मीठ आणि चटणी आधीच चोळून ठेवलेली, ओव्हन पुरता न तापलेला.

कोबीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असतं. फोडीच्या अंगावर ओल आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. तांबूस रंग आणि खरपूस वास साधारण १४० अंशांच्या पुढे येऊ लागतो. तेवढं तापायच्या आत कोबी पाण्यातच शिजत राहिला, की लग्नाच्या पंगतीतल्या उरलेल्या भाजीसारखा उग्र वास धरतो. म्हणून अंगची ओल लवकर उडवायची आणि जळणारी वस्तू सगळ्यात शेवटी घालायची. खालचा क्रम त्यासाठीच आहे, तो बदलू नका. प्रमाण थोडं इकडंतिकडं झालं तरी चालतं.

काय काय लागेल

चार माणसांना आमटी-भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर तोंडी लावायला एवढं पुरतं:

- कोबीचा घट्ट गड्डा, ७०० ते ८०० ग्रॅम
- रिफाइंड शेंगतेल ३ मोठे चमचे
- मीठ पाऊण छोटा चमचा
- कांदा-लसूण चटणी २ छोटे चमचे, ती कालवायला १ मोठा चमचा पातळ केलेलं तूप
- भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट २ मोठे चमचे, अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर

घाण्याचं तेल घरात असेल तर मोह होतो, पण ते लवकर धुरावतं. या आचेला रिफाइंड शेंगतेल किंवा तूपच बरं. घाण्याच्या तेलाची चव हवीच असेल तर ताटात वाढल्यावर वरून चमचाभर सोडा.

गूळ घालू का, असं आपल्याकडं हमखास विचारतात. नको. नीट भाजलेला कोबी स्वतःच गोड होतो, आणि या आचेला गूळ क्षणात जळून ट्रेला चिकटतो.

१. गड्डा निवडणं

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत थंडीच्या दिवसांत कोबीचे ढीग लागतात, तेव्हा मोठा गड्डा स्वस्त पडतो म्हणून तोच पिशवीत जातो. भाजायला मात्र लहान घ्या. दीड किलोच्या गड्ड्याच्या फोडी इतक्या जाड होतात की बाहेरून करपतात आणि आत दांड्याशी कच्च्या राहतात.

सारख्या आकाराचे दोन गड्डे दोन हातांत धरा आणि जो जड लागेल तो घ्या. अंगठ्यानं दाबल्यावर दबला तर आत पोकळ आहे, फोडी सुटतील. बुडाला दांडा जिथं छाटलेला असतो तो भाग पांढरा किंवा फिकट हिरवा असावा. तिथं काळपट, चिरा पडलेलं दिसलं तर माल जुना.

पावसाळ्यात आपल्याकडं मंडईतला कोबी बाहेरून ओला असतो आणि पानांच्या घड्यांतही पाणी मुरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये करायचाच असेल तर गड्डा मधोमध कापून, कापलेली बाजू वर करून दोन तास पंख्याखाली ठेवा, मग पुढच्या कामाला लागा.

२. आपला ओव्हन ओळखणं

हे एकदाच करायचं काम आहे, पण करायचं खरंच.

आपल्याकडं दोन प्रकार जास्त दिसतात: वर-खाली रॉड असलेला ओटीजी, नाहीतर कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ही कृती होत नाही. तो आतलं पाणी तापवतो, म्हणजे कोबी वाफवला जातो.

ओटीजीत वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू ठेवायचे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन हाच पर्याय निवडायचा आणि ट्रे बुटक्या जाळीवर ठेवायचा. त्याची कमाल मर्यादा २०० अंशच असेल तर त्यावरच करा, वेळ पाच-सात मिनिटं जास्त धरा.

सावधान: मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशन लावून लोखंडी वा अॅल्युमिनियमचा ट्रे आत ठेवू नका, ठिणग्या उडतात. बटण दाबण्याआधी पडद्यावर कोणती खूण दिसते ते वाचा.

विजेचंही बघून घ्या. १५०० वॉटचा ओटीजी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. मोबाइलच्या चार्जरसाठी असलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो लावायचा नाही, एक्स्टेन्शन बोर्डाला तर नाहीच. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. बिलाची काळजी करणाऱ्यांना सांगते, सलग तासभर चालला तरी दीड युनिटाच्या वर जात नाही.

आता तापमान. बटणावर २०० लिहिलेलं असलं तरी आत तितकं असेलच असं नाही. माझा पहिला ओटीजी २०० वर १८० सुद्धा गाठत नव्हता आणि दोन वर्षं मी कोबीलाच बोल लावत राहिले. ओव्हनचा थर्मामीटर नसेल तर साखरेची परीक्षा घ्या. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर कोरडी साखर घालून १७५ अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे ती जशीच्या तशी राहायला हवी. मग १९५ वर पुन्हा पंधरा मिनिटं. आता ती वितळायला हवी. १७५ लाच पाघळली तर तुमचा ओव्हन जादा तापतो, खालचे सगळे आकडे १५-२० अंशांनी कमी धरा. १९५ लाही ढिम्म राहिली तर तेवढेच वाढवा.

३. धुणं, आणि त्याहून महत्त्वाचं पुसणं

बाहेरची तीन-चार पानं काढून टाका. अख्खा गड्डा वाहत्या पाण्याखाली धुवा, दांडा वर करून चाळणीत निथळत ठेवा आणि दहा मिनिटांनी कोरड्या पंचानं पुसून घ्या. धुणं इथंच संपलं. कापल्यावर पुन्हा पाणी लावायचं नाही.

इथं बहुतेक जणी अडतात. "अळ्या असतात ओ, मिठाच्या पाण्यात नको ठेवायला?" शंका रास्त आहे. कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या हिरव्या अळ्या असतात. पण घट्ट गड्ड्यात त्या बहुतेक बाहेरच्या सैल पानांत सापडतात, म्हणून ती पानं काढायची. कापल्यावर प्रत्येक फोड उजेडाकडं धरून पापुद्र्यांत बघा. आतल्या पानांनाही भोकं किंवा काळी विष्ठा दिसली तर तो गड्डा भाजायला घेऊच नका. बारीक चिरा, मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवा आणि रोजची भाजी करा. चिरलेला कोबी पाण्यातून काढून कितीही झटकला तरी घड्यांत पाणी राहतंच, आणि ते ट्रेमध्ये उतरतं.

तपासा: पुसलेल्या गड्ड्यावरून तळहात फिरवा. हात ओला झाला तर अजून वेळ आहे.

४. ओव्हन आणि ट्रे तापत ठेवणं

कोबी निथळतोय तेव्हाच ओव्हन २२० अंशांवर लावा. ट्रे रिकामाच आत ठेवा, खालून दुसऱ्या खाचेवर. किमान पंधरा मिनिटं, लहान ओटीजीला वीस.

भाकरी कधी थंड तव्यावर टाकतो का आपण? तसंच हे. गार ट्रेवर ठेवलेली फोड ट्रे तापेपर्यंत पाणी सोडत बसते.

ट्रे अॅल्युमिनियमचा किंवा लोखंडी, कडा बुटक्या असलेला घ्या. खोल केकपात्रात वाफ कोंडते. बटर पेपर आणि बेकिंगचा पार्चमेंट कागद एकच समजू नका. पातळ बटर पेपर या तापमानाला करपतो. ट्रे नीट असेल तर कागदाची गरजच नाही.

सावधान: काचेचं भांडं असं रिकामं तापवून त्यावर गार कोबी ठेवू नका. काच तडकते.

५. कापणं: दांडा काढायचा नाही

भाजीसाठी कोबी चिरताना दांडा काढून टाकायची आपल्या हाताला सवय असते. इथं त्या सवयीला आवर घाला. पानं त्या दांड्यालाच धरलेली असतात. तो गेला की उलटताना फोडीचे पापुद्रे ट्रेभर पांगतात, पातळ पानं जळतात आणि जाड शिरा कच्च्या राहतात.

विळीवर हे काम नीट होत नाही, मोठी धारदार सुरी घ्या. बुडाची काळपट चकती अगदी पातळ छाटा. गड्डा त्या सपाट बुडावर उभा ठेवा म्हणजे घरंगळत नाही, आणि वरून खाली दांड्याच्या बरोबर मधून दोन भाग करा. कापलेली बाजू पाटावर टेकवून प्रत्येक भागाच्या चार फोडी करा, कलिंगडाच्या करतो तशा. प्रत्येक फोडीला दांड्याचा तुकडा आलाच पाहिजे.

एकूण आठ फोडी. पाठीकडची जाडी दोन ते तीन बोटं. त्याहून जास्त भरली तर त्या अर्ध्या भागाच्या पाच करा. सुटलेली पानं ट्रेमध्ये टाकू नका, कोशिंबिरीला ठेवा.

६. तेल आधी, मीठ शेवटी

फोडी परातीत पसरून ठेवा. तेल वरून ओतलं तर एका जागी साचतं, म्हणून हातानं किंवा ब्रशनं दोन्ही कापलेल्या बाजूंना चोळा. दोन पापुद्र्यांमध्ये थोडं झिरपू द्या, तिथंच पुढं कुरकुरीत कडा तयार होतात. तेलात कंजुषी केली तर कोबी भाजत नाही, वाळतो.

मीठ मात्र ट्रे बाहेर काढायच्या अगदी आधी भुरभुरवा. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की दहा मिनिटांत वाटीभर पाणी सुटतं हे आपण रोज बघतो. तेच इथं नको आहे. पाऊण चमच्याच्या वर जाऊ नका, कारण चटणीतही मीठ आहे आणि घरोघरच्या चटणीचं मीठ वेगळं असतं. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या चटणीत टिकण्यासाठी मीठ बऱ्यापैकी असतं. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. खारट वाटली तर कोबीला अर्धाच चमचा मीठ लावा.

दही, आलं-लसूण वाटण, टिक्क्यासारखा लेप यातलं काहीही आता लावायचं नाही. दह्याचं पाणी आटेपर्यंत कोबी शिजून मऊ होतो.

७. पहिली बाजू: वीस मिनिटं, दार बंद

हातमोजे घालून ट्रे काढा, ओट्यावर लाकडी पाटावर ठेवा आणि दार लगेच बंद करा. फोडी एकेक करून कापलेल्या बाजूवर आडव्या ठेवा. पहिली फोड टेकताच 'चर्र' असा आवाज यायला हवा. आला नाही तर फोडी तशाच परातीत राहू द्या आणि ट्रे आणखी पाच मिनिटं तापवा.

दोन फोडींत बोटभर जागा हवी. साधारण ३० लिटरच्या ओटीजीच्या ट्रेवर सहा फोडी नीट बसतात. आठ कोंबल्या की एकीची वाफ दुसरीला लागते आणि पुन्हा तेच पाणी. उरलेल्या दोन दुसऱ्या खेपेला लावा किंवा तव्यावर भाजा. पाहुणे आलेत म्हणून दाटीवाटी केलेला ट्रे मी अजून एकदाही खरपूस झालेला पाहिला नाही.

झाकण नाही, फॉइल नाही. पहिली दहा मिनिटं काचेवर वाफ धरते, ती धरू द्या, दार उघडू नका. पंधराव्या मिनिटाच्या आसपास काच निवळते आणि वास बदलतो. कच्च्या कोबीचा हिरवट वास जाऊन भाजलेल्या मक्याच्या कणसासारखा गोडसर वास येतो. रंकाळ्यावर संध्याकाळी निखाऱ्यावरच्या कणसांचा येतो, अगदी त्याच जातीचा.

८. उलटणं

वीस मिनिटांनी एका कोपऱ्यातली फोड उलथन्यानं उचलून बघा. पातळ, सपाट उलथनं दांड्याच्या बाजूनं आत सरकवायचं, पानांच्या बाजूनं नाही. फोड तयार असेल तर ट्रेला न चिकटता सुटते. खालची बाजू नीट पाहा: कडेचे पापुद्रे गडद तपकिरी होऊन एकमेकांपासून विलग झालेले, कागदासारखे खडखडीत. मधल्या घड्या सोनेरी. दांड्याभोवती मात्र अजून फिकट पिवळं. असं दिसलं की सगळ्या उलटा.

चिकटून बसली असेल तर ओढाताण करू नका. आणखी चार मिनिटं द्या, रंग आला की ती आपोआप सोडते.

सगळ्या खेपांत मागच्या फोडी जास्त आणि पुढच्या कमी भाजलेल्या दिसतील. आता ट्रे फिरवून आत सरकवा, म्हणजे मागची बाजू दाराकडं येईल. दुसऱ्या बाजूला बारा ते पंधरा मिनिटं लागतात.

तपासा: दांड्याच्या सर्वांत जाड भागात सुरीचं टोक खुपसा. उकडलेल्या बटाट्यात जाते तशी जायला हवी, जराशी अडली तरी चालेल. रंग पुरेसा आला आणि दांडा कडकच असेल तर तेवढ्यापुरती फॉइल वर सैल ठेवून १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं द्या. फॉइलची परवानगी फक्त इथंच.

९. चटणी: शेवटची चार मिनिटं

कांदा-लसूण चटणीत मिरचीपूड आहे, लसूण आहे, कांदा, सुकं खोबरं, तीळ आहेत. यातलं काहीच २२० अंशांवर अर्धा तास टिकत नाही. आधी लावली की ती काळी, कडू होते आणि घरभर ठसका लागतो.

ओव्हन १८० वर आणा. चटणी पातळ तुपात कालवून भज्याच्या पिठाइतकी सैलसर करा. पाण्यात कालवू नका, आतापर्यंतची मेहनत वाया जाईल. ट्रे बाहेर काढून ब्रशनं किंवा चमच्याच्या पाठीनं फोडींच्या वरच्या बाजूला पातळ थर द्या, पापुद्र्यांत शिरू द्या. ट्रे परत आत, चार मिनिटं. या चार मिनिटांत ओट्यापासून हलू नका. तूप कडेनं बुडबुडू लागलं, लसणाचा वास उठला आणि तांबडा रंग एक छटा गडद झाला की झालं.

घरात लहान मुलं किंवा तिखट न सोसणारं कोणी असेल तर दोन फोडी चटणीविना ठेवा. त्यांना नुसतं तूप आणि जिरेपूड लावा, छान लागतात.

१०. ताटात

लिंबू, कूट, कोथिंबीर ट्रे बाहेर आल्यावर, त्याच क्रमानं. लिंबू थेट गरम फोडीवर पिळा. कूट ओव्हनमध्ये घालू नका, ते आधीच भाजलेलं आहे.

आणि कृपा करून डब्यात झाकून ठेवू नका. इथंपर्यंत सगळं बरोबर करून शेवटी गरम राहावं म्हणून कॅसरोलमध्ये भरणाऱ्या मी बऱ्याच पाहिल्या. दहा मिनिटांत आत वाफ धरते आणि कुरकुरीत कडा ओल्या होतात. पाहुणे उशिरा येणार असतील तर आठव्या टप्प्यावर थांबा. ट्रे उघडाच ओट्यावर राहू द्या, तासभर काही होत नाही. मंडळी हात धुवायला उठली की ओव्हन २०० वर तापवून फोडी पाच मिनिटं गरम करा, मग १८० वर चटणीचा टप्पा.

तरीही बिघडलं तर

ट्रेमध्ये पाणी दिसलं: फोडी ताटात काढा, पाणी ओतून टाका, ट्रे पुसा, पुन्हा तापवा आणि तेलाचा हात देऊन परत लावा. त्या पाण्यातच पुढं चालवू नका.

वरून करपला, आतून कच्चा: फोडी जाड होत्या किंवा ट्रे वरच्या रॉडच्या फार जवळ होता. ट्रे एक खाच खाली घ्या.

सगळं फिकट: साखरेच्या परीक्षेकडं परत जा.

नुसताच वाळला, चामड्यासारखा झाला: तेल कमी पडलं किंवा आच कमी ठेवून वेळ वाढवला. १६०-१७० वर तासभर ठेवलेला कोबी सुकतो, भाजत नाही.

चटणी कडू: तो थर सुरीनं खरवडून काढा, ताजी चटणी तुपात कोमट करून वरून सोडा.

उरलेल्या फोडी पूर्ण गार करून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या तर लिबलिबीत होतात, तव्यावर मोठ्या आचेला कापलेली बाजू खाली ठेवून दोन मिनिटं द्या. माझ्या घरी मात्र त्या सकाळपर्यंत राहिल्याच तर दांड्यासकट बारीक चिरून थालीपिठाच्या भाजणीत जातात. चटणी आधीच लागलेली असते, म्हणून भाजणीत मीठ घालण्याआधी एकदा चव बघा.